रिंगणाबाहेरचे रिंगण
अमेरिकेतील कॉलेज-रोडिओ आणि त्याचे माजी खेळाडू

१९४८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात टेक्सासच्या पश्चिम भागातील अ‍ॅल्पाइन या लहान गावी काही कॉलेजांचे विद्यार्थी-प्रतिनिधी जमले. यजमान होते सुल रॉस स्टेट कॉलेज. डोंगर, खुरटे गवत आणि मैलोन्‌मैल पसरलेली गुरांची कुरणे यांच्या मधोमध हे कॉलेज उभे आहे. जमलेल्यांपैकी अनेकजण महायुद्धावरून परतलेले होते. त्यांचे म्हणणे साधे होते. कॉलेजात फुटबॉलला संघ आहे, बास्केटबॉलला संघ आहे, मग आम्ही ज्यात वाढलो त्या घोडा, दोर आणि बैलाच्या खेळाला का नको? त्या बैठकीतून 'नॅशनल इंटरकॉलेजिएट रोडिओ असोसिएशन' ही संघटना जन्माला आली. १९४९च्या आरंभी डेन्व्हर येथे तिची घटना मंजूर झाली आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या काउ पॅलेसमध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

या घटनेला पंचाहत्तरहून अधिक वर्षे लोटली. संघटना अजून उभी आहे, शंभरावर कॉलेजे तिच्यात आहेत आणि दरवर्षी जूनमध्ये तिची राष्ट्रीय स्पर्धा भरते. अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडाविश्वाची ज्यांना थोडी ओळख आहे त्यांना यात एक कोडे दिसेल. तेथील कॉलेज-खेळांचा कारभार मुख्यतः 'एनसीएए' ही बलाढ्य संस्था पाहते. दूरचित्रवाणीचे करार आणि अवाढव्य क्रीडांगणे तिच्या छत्राखाली येतात. रोडिओ त्या छत्राखाली कधीच आला नाही. मग हा खर्चिक, धोक्याचा आणि शहरी प्राध्यापकांना काहीसा अडाणी वाटणारा खेळ इतकी वर्षे टिकला कसा? या लेखाचा विषय तो प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे उत्तर बरेचसे माजी विद्यार्थ्यांपाशी सापडते.

कुरणातून कॉलेजात

'रोडिओ' हा शब्द स्पॅनिश. 'रोदेआर' म्हणजे वेढणे, घेरणे. मोकळ्या कुरणावर विखुरलेली गुरे वर्षातून एकदोनदा घेरून एका जागी आणायची, वासरांना डाग द्यायचा, विक्रीची जनावरे वेगळी काढायची, या कामाला हे नाव होते. आपल्या 'रिंगण' या शब्दाशी त्याचे अर्थाचे नाते जुळते. मेक्सिकोतील 'वाकेरो' म्हणजे गुराखी या कामात निष्णात होते. त्यांच्याकडून दोर टाकण्याची आणि घोडा फिरवण्याची विद्या अमेरिकन काउबॉयने उचलली. काम संपल्यावर कोणाचा दोर अचूक आणि कोण उधळ्या घोड्यावर अधिक काळ बसतो, याच्या पैजा लागत. पैजांचे पुढे खेळ झाले आणि खेळांना तिकीट लागले.

धंदा आला तशी पिळवणूकही आली. १९३६ साली बोस्टनमध्ये बक्षिसाच्या तुटपुंज्या रकमेवरून खेळाडूंनी संप केला आणि त्यातून 'काउबॉइज टर्टल असोसिएशन' उभी राहिली. संघटित व्हायला आपण कासवासारखे मंद होतो, पण शेवटी मान बाहेर काढली, असा नावामागचा विनोद सांगतात. हीच संस्था १९४५ साली 'रोडिओ काउबॉइज असोसिएशन' झाली आणि १९७५ साली तिच्या नावाला 'प्रोफेशनल' हा शब्द जोडला गेला.

कॉलेजांचा प्रवास याला समांतर होता. १९२० साली टेक्सास ए अँड एम कॉलेजात विद्यार्थ्यांनी निधी जमवण्यासाठी रोडिओ भरवला. १९३९ साली कॅलिफोर्नियात व्हिक्टरव्हिलजवळच्या एका रँचवर निरनिराळ्या कॉलेजांचे विद्यार्थी एकमेकांविरुद्ध उतरले. आंतरमहाविद्यालयीन रोडिओचा आरंभ सहसा येथून धरतात. मग युद्ध आले. युद्धानंतर मात्र पारडे फिरले, कारण १९४४च्या 'जीआय बिल' या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या उच्च शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. ज्या रँचवरच्या पोरांनी कॉलेजची पायरी कधी चढली नसती ती वर्गात येऊन बसली. ती वयाने मोठी होती, हुकूम देणे-घेणे जाणत होती. सभा कशी घ्यायची, नियम कसे लिहायचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. अ‍ॅल्पाइनच्या बैठकीत हा आत्मविश्वास दिसतो. कॉलेज-रोडिओ कोण्या कुलगुरूने किंवा क्रीडासंचालकाने सुरू केलेला नाही. तो विद्यार्थ्यांनी सुरू केला.

पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत सुल रॉसचा संघ विजयी ठरला आणि पुढची दोन वर्षेही त्याने विजेतेपद सोडले नाही. त्याच कॉलेजचा हार्ली मे १९४९ साली सर्वांगीण विजेता झाला. पुढे व्यावसायिक रोडिओत धावत्या बैलाला शिंगे धरून लोळवण्याच्या प्रकारात तो तीनदा जगज्जेता झाला आणि व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्षही झाला. कॉलेजातून निघालेला खेळाडू खेळाचा कारभारी होतो, हा पायंडा पहिल्याच पिढीत पडला.

स्वातंत्र्य आणि त्याची किंमत

नव्या संघटनेने आरंभीच एक निर्णय घेतला. तिचे पुढचे सगळे आयुष्य त्याने घडवले. त्या काळी, आणि नंतरही कितीतरी दशके, अमेरिकन कॉलेज-खेळाडूने हौशीच असले पाहिजे, त्याने खेळावर पैसा मिळवता कामा नये, असा दंडक होता. रोडिओच्या विद्यार्थ्यांनी तो नाकारला. आपल्याकडचा मुलगा उन्हाळ्यात रोडिओत बक्षिसे जिंकून फी भरतो. त्याला ते करू नको म्हणणे म्हणजे शिकू नको म्हणणेच होय, हा त्यांचा युक्तिवाद. म्हणून येथे विद्यार्थी एकाच वेळी कॉलेजसाठी आणि व्यावसायिक रिंगणातही उतरू शकतो. टेक्सासमधील ओडेसा कॉलेजचा टाय मरे याने १९८९ साली कॉलेजचे राष्ट्रीय सर्वांगीण विजेतेपद आणि व्यावसायिक सर्वांगीण जगज्जेतेपद, दोन्ही मिळवली. तेव्हा तो २० वर्षांचा होता.

हे स्वातंत्र्य फुकट मिळाले नाही. मोठ्या संस्थेच्या बाहेर राहणे म्हणजे तिच्या पैशाच्याही बाहेर राहणे. काही कॉलेजांत रोडिओ क्रीडाविभागात मोडतो, काही ठिकाणी कृषिविभागाच्या पदराखाली असतो, तर काही ठिकाणी तो विद्यार्थ्यांचा निव्वळ एक क्लब असतो. अंदाजपत्रकाला कात्री लावायची वेळ आली की पहिली नजर कोठे जाणार हे सांगायला नको.

खर्चाचे स्वरूपही वेगळे. फुटबॉलच्या खेळाडूला कॉलेज बूट देते. रोडिओत दोर टाकणाऱ्या किंवा बॅरल-रेस करणाऱ्या विद्यार्थ्याला घोडा स्वतःचा लागतो. त्याला रोज चारा हवा, नाल हवी, पशुवैद्य हवा. तो वाहून न्यायला ट्रेलर हवा आणि ट्रेलर ओढायला दमदार गाडी. देशाचे अकरा विभाग पाडले आहेत आणि प्रत्येक विभागात वर्षाला दहाच्या आसपास स्पर्धा होतात. पश्चिमेकडील राज्यांत एका कॉलेजातून दुसऱ्याकडे जायचे तर शेकडो मैल कापावे लागतात. शिवाय प्रत्येक प्रकारासाठी प्रवेशशुल्क. एवढे करून बैलावरून खाली पडलात तर हाती शून्य.

नियम ठाऊक नसलेल्या वाचकासाठी येथे थोडे सांगतो. उधळ्या घोड्यावर किंवा बैलावर स्वाराला एका हाताने धरून आठ सेकंद टिकावे लागते. मोकळा हात जनावराला किंवा स्वतःला लागला की तो बाद. गुणांपैकी निम्मे स्वाराचे, निम्मे जनावराच्या उसळीचे. दुसरा गट वेळेवर चालणाऱ्या प्रकारांचा: घोड्यावरून वासराला फास टाकणे व त्याचे तीन पाय बांधणे, दोघांनी मिळून बैलाची शिंगे आणि मागचे पाय दोरात पकडणे, तीन पिंपांभोवती घोडा फिरवणे. कॉलेजच्या संघात जास्तीत जास्त सहा पुरुष आणि चार स्त्रिया असतात.

हात कसे लागतात

टेक्सासमध्ये माजी विद्यार्थ्यांना बोलीत 'एक्सेस' म्हणतात. सुल रॉसच्या जुन्या रोडिओपटूंची संघटनाही हेच नाव लावते. अशी मंडळे अनेक कॉलेजांत आहेत. स्नेहमेळावे होतात, जुन्या संघाचे फोटो भिंतीवर लागतात, कोणाचा गुडघा किती वेळा उघडला याची उजळणी होते. वरवर पाहता हा आठवणींचा फड वाटतो. पण त्याच्या आडून जे काम चालते ते ठोस आहे.

पैसा हा त्यातला एक भाग. शिष्यवृत्तीचा निधी, मेळाव्यातील खोगिराचा लिलाव, दोर टाकण्याच्या लहान स्पर्धा भरवून जमवलेली रक्कम, विजेत्याला द्यायचे चांदीचे बक्कल, हे सगळे त्यात येते. दुसरा भाग वस्तूंचा. कोणी गवताच्या गाठी पाठवतो, कोणी सरावासाठी बैल देतो, कोणी वयस्क पण शहाणा घोडा एखाद्या नवख्या मुलीच्या हाती सोपवतो. शिकवून तयार झालेला घोडा ही या खेळातली मोठी ठेव असते, तिची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. तिसरा भाग श्रमांचा. रोडिओ भरवायचा तर पंच हवेत, घड्याळ धरणारे हवेत, फाटक उघडणारे हवेत. आठ सेकंद संपल्यावर स्वाराला उधळत्या घोड्यावरून उचलून घेणारे घोडेस्वार हवेत. ही कामे अनुभवी माणसावाचून होत नाहीत, आणि या गावांत अनुभवी माणूस बहुधा त्याच कॉलेजचा माजी खेळाडू असतो. प्रशिक्षकही बहुतेक याच वाटेने येतात.

कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो येथील कॅल पॉली विद्यापीठाचे उदाहरण बोलके आहे. तेथील युद्धोत्तर काळातील संघात कॉटन रॉसर नावाचा विद्यार्थी होता. अपघातात पाय जायबंदी झाल्याने त्याची स्वारी थांबली, म्हणून तो रोडिओला जनावरे पुरवण्याच्या व्यवसायात उतरला. १९५६ साली त्याने 'फ्लाइंग यू' ही कंपनी हाती घेतली आणि पुढे ती पश्चिम किनाऱ्यावरील मोठ्या पुरवठादारांत गणली गेली. आपल्या कॉलेजशी त्याने संबंध कधी तोडला नाही. विद्यापीठाच्या रोडिओ संकुलाला आज त्याचे नाव आहे. २०२२ साली, वयाच्या नव्वदीनंतर, तो वारला. स्वतः खेळणे अशक्य झालेल्या माणसाने खेळाला जनावरे, जागा आणि नाव द्यावे, यापेक्षा माजी विद्यार्थी या शब्दाची मोठी व्याख्या करता येणार नाही.

गाडीतली दोस्ती

औपचारिक मंडळांपेक्षाही जुना एक धागा आहे. रोडिओपटू एकटा प्रवास करत नाही. तीनचार जण एका गाडीत बसतात, डिझेल वाटून घेतात, आळीपाळीने रात्र जागून गाडी हाकतात. रिंगणात ते प्रतिस्पर्धी असतात, पण मित्राच्या वाट्याला चिठ्ठीने बैल आला की त्या बैलाची खोड त्याच्या कानात सांगणाराही हाच प्रतिस्पर्धी. कॉलेजात जुळलेल्या या जोड्या पुढे वीसवीस वर्षे टिकतात.

टफ हेडमन आणि कोडी लँबर्ट हे दोघे सुल रॉसचे. लेन फ्रॉस्ट हा त्यांचा जिवलग दोस्त, १९८७चा बैलस्वारीतील जगज्जेता. ३० जुलै १९८९ रोजी वायोमिंगमधील शायेन येथे फ्रॉस्टने आठ सेकंद पूर्ण केले, तो खाली उतरला आणि त्याच बैलाने पाठीमागून धडक दिली. पंचविशीतच तो गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लास व्हेगासच्या अंतिम स्पर्धेत हेडमनने जगज्जेतेपद मिळवले आणि शेवटच्या फेरीत शिट्टी झाल्यावरही तो बैलावरून उतरला नाही. मित्राच्या नावाने आणखी आठ सेकंद तो बसून राहिला.

लँबर्टने शोक वेगळ्या रीतीने केला. घोड्यांच्या शर्यतीतील जॉकी घालतात त्या संरक्षक जाकिटावरून त्याने बैलस्वारासाठी जाकीट तयार करवले. आज बैलस्वार जाकीट घालूनच उतरतो, पण १९८९च्या आधी तसे कोणी घालत नव्हते. १९९२ साली वीस बैलस्वारांनी प्रत्येकी हजार डॉलर घालून 'प्रोफेशनल बुल रायडर्स' ही संस्था काढली, त्यात हेडमन, लँबर्ट आणि ओडेसाचा टाय मरे तिघेही होते. अ‍ॅल्पाइनच्या विद्यार्थ्यांनी १९४८ साली केले तेच या मंडळींनी ४४ वर्षांनी पुन्हा केले: खेळणाऱ्यांनी एकत्र बसून स्वतःची संस्था उभारली.

मुलींचा दोर

स्त्रियांच्या बाबतीत माजी खेळाडूंचे महत्त्व आणखी ठळकपणे दिसते. अ‍ॅल्पाइनची बैठक झाली त्याच वर्षी, फेब्रुवारीत, टेक्सासमध्येच सॅन अँजेलो येथे ३८ स्त्रियांनी 'गर्ल्स रोडिओ असोसिएशन' स्थापन केली होती. व्यावसायिक रोडिओत स्त्रियांसाठी हळूहळू एकच प्रमुख प्रकार उरला, तो बॅरल-रेस. कॉलेजात मात्र आणखी दोन प्रकार टिकले. एक 'ब्रेकअवे', म्हणजे वासराच्या गळ्यात फास पडताच खोगिराला बांधलेला दोरा तुटतो आणि तेथेच वेळ थांबते. दुसरा, धावत्या घोड्यावरून उतरून बकरीचे तीन पाय बांधणे.

याचा अर्थ असा की मुलगी चार वर्षे ब्रेकअवेत प्रावीण्य मिळवी आणि पदवी मिळाली की तिची विद्या बिनकामाची होई. तरी ती विद्या मेली नाही, कारण ती शिकलेल्या बायकांनी ती मुलींना आणि शिष्यांना दिली. बेटी गेल कूपर हे त्यातले मोठे नाव. प्रसिद्ध रोडिओपटू रॉय कूपरची ती बहीण. स्वतः जगज्जेती झाल्यावर तिने ओक्लाहोमातील साउथईस्टर्न विद्यापीठात प्रशिक्षकपद सांभाळले आणि तेथील मुलींच्या संघाला राष्ट्रीय पातळीवर नेले. २०२० साली ब्रेकअवेची पहिली व्यावसायिक राष्ट्रीय अंतिम स्पर्धा टेक्सासमध्ये झाली. जॅकी क्रॉफर्ड त्या वर्षी गरोदर असताना जगज्जेती झाली. त्या दिवशी रिंगणाचे फाटक उघडले ते एका वर्षाच्या मागणीने नव्हे. त्यामागे कॉलेजांनी आणि तेथून निघालेल्या बायकांनी कित्येक दशके जिवंत ठेवलेला दोर होता.

अवघड प्रश्न

येथवरचे चित्र लोभस आहे, पण ते अपुरे आहे. पैशाची चणचण असलेल्या खेळाला पैसा कोठून येतो हे पाहिले पाहिजे. ओठाखाली धरायची ओली तंबाखू विकणाऱ्या कंपनीने दीर्घकाळ कॉलेज-रोडिओला शिष्यवृत्त्या पुरवल्या. वॉल्ट गॅरिसन हा ओक्लाहोमा स्टेटचा माजी विद्यार्थी, डॅलस काउबॉइजचा फुटबॉलपटू आणि हौसेने बैल लोळवणारा गडी, त्या तंबाखूचा चेहरा होता. त्या शिष्यवृत्त्यांवर अनेकांचे शिक्षण झाले हे खरे. पण ज्या वयात सवयी लागतात त्या वयाच्या मुलांपुढे तंबाखूचे नाव रिंगणभर लावले गेले, हेही तितकेच खरे. माजी विद्यार्थ्यांचा पैसा थोडा असतो आणि हळू जमतो. पण तो घेताना मुलांच्या आरोग्याचा सौदा करावा लागत नाही.

दुसरा प्रश्न जनावरांचा. हा आक्षेप आजचा नाही. १९२४ साली लंडनच्या वेम्बलीत अमेरिकन रोडिओ झाला तेव्हा मोठा गदारोळ उठला आणि १९३४ साली ब्रिटनने कायदा करून त्यातील मुख्य प्रकारांवर बंदी घातली. धावत्या वासराच्या गळ्याला बसणारा हिसका, उसळण्यासाठी कमरेभोवती आवळलेला पट्टा यांविषयी आजही तीव्र टीका होते. जनावर हेच आमचे भांडवल, त्याची काळजी आम्ही इतर कोणाहूनही अधिक घेतो, असे उत्तर रोडिओकडून मिळते. ते पूर्ण खोटे नाही, पूर्ण पुरेसेही नाही. मला वाटते, येथेही माजी खेळाडूंवर खास जबाबदारी येते. त्यांना हरण्या-जिंकण्याचा हव्यास उरलेला नसतो आणि जनावराची नस त्यांना टीकाकारांपेक्षा अधिक कळते. लँबर्टने स्वाराच्या छातीचा विचार केला, तसा वासराच्या मानेचा विचार आतल्या माणसांनीच केला तर त्याला वजन येईल.

तिसरा प्रश्न जमिनीचा. ज्या रँचवरच्या कामातून हा खेळ उपजला ते काम करणारी कुटुंबे कमी होत आहेत. पुढे कॉलेजात येणाऱ्या मुलाच्या घरी दावणीला घोडा असेलच असे नाही. काम संपले आणि खेळ उरला, की खेळाचा अर्थ कोण सांगणार? याला एक दिलासा देणारे उत्तर अ‍ॅरिझोनात आहे. नवाहो लोकांच्या भूमीवरील दिने कॉलेज रोडिओचा संघ बाळगून आहे. काउबॉय म्हणजे गोरा पुरुष, हे चित्र चित्रपटांनी रंगवले. प्रत्यक्षात हा खेळ मेक्सिकन, आदिवासी, काळे आणि गोरे अशा सर्वांच्या हातून घडला. ज्या कॉलेजांनी ही व्याप्ती ओळखली तेथे घोड्याशी नाते असणारी नवी घरे सापडतात.

कॅस्परचा जून

कॉलेजांची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा अनेक वर्षे मोंटानातील बोझमन येथे होत असे. १९९९ पासून ती वायोमिंगमधील कॅस्पर या तेलाच्या गावात भरते. प्रत्येक विभागातून प्रत्येक प्रकारातील पहिले तीन खेळाडू आणि पहिले दोन संघ तेथे येतात. कॅस्पर कॉलेजात शिकलेला ख्रिस लेडू याची आठवण येथे निघते. तो कॉलेजचा राष्ट्रीय विजेता, १९७६चा बिनखोगीर घोडेस्वारीतील जगज्जेता आणि रिंगणांच्या दाराशी स्वतःच्या गाण्यांच्या टेप विकणारा गायक होता. २००५ साली तो गेला. जवळच्या केसी गावात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे.

त्या आठवड्यात कॅस्परच्या प्रेक्षागृहात बसलेल्यांवर नजर टाकली तर कॉलेज-रोडिओचा खरा हिशेब कळतो. तिकीट काढून आलेल्या गावकऱ्यांबरोबर तेथे जुने खेळाडू असतात, त्यांची मुले रिंगणात असतात, आणि काहींची नातवंडेही. या खेळाला विद्यापीठांनी अर्धे स्वीकारले, दूरचित्रवाणीने थोडे, मोठ्या क्रीडासंस्थेने अजिबात नाही. वासराला फास टाकल्यावर दोराचे एक टोक वासराकडे असते, दुसरे खोगिराच्या मुठीला. स्वार खाली उतरून धावत असतो तेव्हा घोडा एक पाऊल मागे सरून दोर ताणलेला ठेवतो, म्हणून स्वाराला दोन्ही हात मोकळे मिळतात. टाळ्या स्वाराला पडतात. माजी विद्यार्थ्यांनी पंचाहत्तर वर्षे जे केले ते या घोड्याच्या कामासारखे आहे. दोर सैल पडला तर पुढच्या पिढीच्या हाती काही राहणार नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक आहे.